देवाप्पा कंडक्टरनं आणलेली चिखलगाडी

कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ज्यानं देवाप्पा कंडक्टरला एकदा तरी ऐकलंय तो तर पैज लावून ठेवणार नाही. पण त्या माणसाला आयुष्यात एकदा खरं बोलायचं होतं आणि ते काही केल्या त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. माशाचा काटा घशात आडवा बसावा तसं ते बसलं. निपाणीत बसलं ते बेळगाव, खानापूर, गुंजी, सगळी स्टेशनं ओलांडून गावच्या देवळापर्यंत तसंच आलं.

एरवी त्या घशातनं काय निघायचं नाही! देवाप्पा बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर. "बर्री बर्री" म्हणत कानडीत माणसं आत घ्यायचा, मराठीत त्यांना थापा मारायचा आणि हिंदीत सुट्ट्या पैशावरनं भांडायचा. तंबाखूच्या दिवसांत एकदा निपाणीच्या वखारीपुढं गाडी थांबली असता सगळं पॅसेंजर एकदम शिंकलं आणि त्या धक्क्यानं बंद पडलेली गाडी तवंदीचा घाट बिनडिझेल चढून गेली, हे तो शपथेवर सांगे. संकेश्वरात टपावरचं मिरचीचं पोतं फुटलं तेव्हा आतली माणसं एवढी रडली, एवढी रडली, की वाटेतल्या गावच्या लोकांना वाटलं गाडीतनं मयत नेतायत, त्यांनी फुलं टाकली. ऐकणारा हसायचा. देवाप्पा हसायचा नाही. तिकिटाला भोक पाडून म्हणायचा, "हसा. सांगणाऱ्याचं काय जातंय."

त्याचं गाव गुंजी स्टेशनात उतरून पुढं रानातनं, तांबड्या वाटेनं. तिथं बायको मनुबाई, थोडं भात, दोन म्हशी. बेळगावात शहापूरला एक खोली भाड्यानं घेतलेली. तिथं तो आणि त्याचा पोरगा रवळू. रवळू आयटीआयला टर्नर शिकत होता. ओठावर मिसरूड फुटलेलं, आवाज फाटलेला, आणि डोक्यात एकच खूळ.

खूळ लागलं ते सांबऱ्याकडच्या माळावर. त्र्याऐंशी सालचा पावसाळा ओसरत आला होता. कोल्हापूरची आणि बेळगावची पोरं तिथं मोटारसायकली घेऊन आली. मडगार्ड उचललेले, दिवे काढून टाकलेले, सायलेन्सर वर नेऊन सीटखाली बांधलेला, चाकांना बोटाएवढे गुटके असलेले टायर. चिखलातनं, ओघळीतनं, उंचवट्यावरनं त्या गाड्या अशा उडाल्या की बघायला आलेल्या बैलगाड्यांचे बैल जू टाकून पळाले. (हे देवाप्पा सांगायचा. बैल उभे होते.) रवळू मात्र त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. ज्याला त्याला सांगत सुटला, "चिखलगाडी पायजे."

नुसतं खूळ असतं तर देवाप्पानं एका थापेत उडवलं असतं. पण पोराला हात होता. वर्गातल्या एकाच्या बापाची गाडी घेऊन तो येळ्ळूरच्या वाटेनं चिखलात घालायचा, आणि बघणारे म्हणायचे, हे पोरगं हँडलाला धरत नाही, हँडल याला धरतंय. शर्यत भरवणाऱ्यांतला एक जण खोलीवर येऊन सांगून गेला, "कंडक्टर, पोराला गाडी घेऊन द्या. दसऱ्यानंतरच्या शर्यतीला मी त्याचं नाव घालतो."

गावी मनुबाईनं ते ऐकलं आणि परड्यातला जुना फणस लाकूडवाल्याला देऊन टाकला. सासूनं लावलेला फणस. तोडायला माणसं आली तेव्हा ती घरात बसून राहिली, बाहेर आलीच नाही. पैसे कापडात बांधून नवऱ्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "एवढ्यात बसवा. ह्याच्या वर माझ्याकडं झाड न्हाय."

एवढ्यात बसवायचं म्हणजे काय, हे देवाप्पाला बेळगावच्या गॅरेजांतून फिरताना कळलं. एक मेस्त्री म्हणाला, "एवढ्यात हँडल येतंय. चाकं पुढल्या वर्षी न्या." दुसऱ्यानं एक गाडी दाखवली, ती सुरू केली की अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखी ओरडायची आणि अंडं घातल्यासारखी तेलाचा थेंब टाकून बंद पडायची. तिसऱ्याकडची गाडी बरी होती, पण तिचा भाव ऐकून देवाप्पा म्हणाला, "एवढ्यात मी तुझी बस आणून देतो." मेस्त्री म्हणाला, "आणा की!"

दसरा जवळ आला. रवळू बापाला काही विचारीना. न विचारता तो रोज संध्याकाळी खोलीच्या दारात बसायचा आणि बाप आला की त्याच्या तोंडाकडं बघायचा. दिवसभर लोकांनी आपल्या तोंडाकडं बघावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाला ते बघणं काही सोसेना.

आणि मग निपाणीला, चहाच्या गाड्यावर, कुणीतरी सांगितलं, "जयाबाईच्या वखारीत एक गाडी पडून हाय बघा. चिखलात पळवायचीच हाय. इकायची म्हंत्यात."

वखार म्हणजे पत्र्याची एक शेड. आत शिरताच देवाप्पाला शिंक आली, मग दुसरी आली. तंबाखूच्या गच्च बांधलेल्या बोदांच्या मागं, गोणपाट टाकून, गाडी उभी होती. जयाबाई पुढं झाली आणि तिनं गोणपाट ओढलं. देवाप्पाची तिसरी शिंक आतच राहिली.

गाडी झकास होती. निळी टाकी, गुटक्याचे टायर नव्यासारखे, साखळीला तेल. कुठं ओरखडा नाही. किंमत विचारली तर फणसाच्या पैशात बसून वर टपावर चढवायची हमाली सुटत होती.

"एवढ्यात का देताय?" देवाप्पानं विचारलं. विचारायला नको होतं, असं त्याला नंतर लई वेळा वाटलं.

शेडच्या टोकाला तिचा नवरा आण्णाप्पा पाठ करून बसला होता. पानं निवडत होता. त्याचा हात थांबला. जयाबाई म्हणाली, "आमच्या रायाप्पाची गाडी. ह्याच गाडीवर गेला त्यो. खडीच्या खाणीत उतारावर शिकाय जायचा. उतरला त्यो वर आलाच न्हाय."

देवाप्पानं गाडीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"गाडीला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "बगा की. आरसा सुदिक फुटला न्हाय तिचा. ह्यास्नी वाटतंय हिरीत ढकलावी. मी म्हनलं, तिचा काय गुन्हा? पोरगा वाईट न्हवता, गाडी वाईट न्हाय. उतार वाईट हुता."

"माझा पोरगा बी…" देवाप्पा बोलून गेला.

"केवढा हाय?"

"मिसरूड फुटलंय."

जयाबाईनं मग पदराच्या गाठीतनं किल्ली काढली, पण दिली नाही. "कंडक्टर, माझी एकच गोष्ट. चालवणाऱ्याला सांगायचं. तुमच्या घरात बी सांगायचं. सांगून त्येंनी व्हय म्हटलं तर ठेवा. न्हाय म्हटलं तर परत आणा, पैसे देते. पर न सांगता द्यायची न्हाय. न सांगता दिली आन काय झालं तर मी दोन पोरांचा जीव घेतल्यागत हुईल."

"सांगतो."

"देवाशप्पत?"

"देवाशप्पत," देवाप्पा म्हणाला. रोज वीस वेळा शपथ घेणारा माणूस तो. पण या वेळी शपथ घेताना त्याच्या कपाळावर घाम आला, आणि पाठ करून बसलेल्या आण्णाप्पानं वळूनही बघितलं नाही.

त्याला माहीत होतं. हे घरात सांगितलं की संपलं. ज्या गाडीवर माणूस गेला ती गाडी मनुबाई उंबऱ्याच्या आत काय, गावच्या वेशीच्या आत घेणार नाही. परत नेऊन दे म्हणेल. आणि दुसरी गाडी या पैशात नाही. दुसरा फणसही नाही. शर्यत जाईल, पोरगा पुन्हा दारात बसेल, तोंडाकडं बघत. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला एका बाईला दिलेला शब्द. मधे देवाप्पा.

बसच्या टपावर गाडी चढवायला ड्रायव्हर मष्णू आला. मष्णू आणि देवाप्पा एका गाडीवर एवढी वर्षं होते की एकाला जांभई आली तर दुसरा तोंड उघडायचा. दोर आवळता आवळता मष्णू म्हणाला, "लेका, एवढ्या पैशात ही? चोरलीस काय रं?"

आता सांगून मोकळं व्हावं, असं देवाप्पाच्या मनात आलं. मष्णूला सांगितलं तर निदान एकाला तरी सांगितलं असं होईल. तो म्हणाला, "मष्ण्या, खरं सांगू? ह्या गाडीवर एक पोरगा गेलाय. आई इकत हुती. पोराला सांग म्हटली, मग दे."

मष्णू दोर सोडून हसायला लागला. "आन अवसेला गाडी आपोआप सुरू हुतीया, व्हय? हॉर्न वाजतोय आन पांढरं कापड उडतंय? न्हाय, आज चांगली जमली रं तुला! तवंदीच्या घाटापातूर पुरंल."

"अरं खरंच सांगतोय."

"मग! तू कधी खोटं सांगितलंस?" आणि मष्णू हसत हसत खाली उतरला. उतरून त्यानं पुढच्या सीटवरच्या दोन बायांना सांगितलं, "आज टपावर भूत घेतलंय आमच्या कंडक्टरनं. त्याचं हाफ तिकीट." बाया हसल्या. सगळी बस हसली. देवाप्पानं टोकदार आवाजात शिट्टी मारली आणि गाडी निघाली.

हत्तरगी येईपर्यंत त्याला बरं वाटायला लागलं होतं. सांगितलं की मी. कुणी ऐकलं नाही, त्याला मी काय करू? जयाबाई म्हणाली सांगा. तिनं असं थोडंच म्हटलं होतं की पटवून द्या. असा हिशेब करत तो तिकिटं फाडत होता, आणि एका म्हाताऱ्याला त्यानं यमकनमर्डीऐवजी बेळगावचं तिकीट दिलं. म्हातारा भांडला. देवाप्पा उलट भांडला नाही. मष्णूनं आरशातनं मागं बघितलं.

बेळगावातनं गाडी रेल्वेच्या सामानाच्या डब्यातनं गुंजीला आली. पेट्रोल काढून टाकलेलं, हँडलाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. रवळू आदल्या दिवशीच गावी पुढं गेला होता. तो स्टेशनात उभा होता. डब्याचं दार सरकलं, निळी टाकी उन्हात आली, आणि त्या पोरानं काय करावं? ओरडला नाही, नाचला नाही. जवळ गेला आणि टाकीवर तळहात ठेवला, तापलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग म्हणाला, "आप्पा, हिचा पयला मालक लई जीव लावणारा असणार. साखळी बगा की."

देवाप्पाला वाटलं, आगगाडी परत फिरावी.

"आय म्हटलीया," रवळू म्हणाला, "उद्या सकाळी देवाचा कौल घेतल्याबिगर किक मारायची न्हाय. ढकलत आणा म्हटलीया."

मग दोघांनी ती गाडी ढकलत नेली. तांबड्या चिखलाची वाट, दोन्ही बाजूला करवंदीच्या जाळ्या, वर किंजळाची झाडं. ज्या वाटेवर गाडी पळवायची त्या वाटेवर रवळू तिला हातानं चालवत होता, आणि प्रत्येक ओघळीपाशी थांबून म्हणत होता, "हितनं दुसऱ्या गियरात घ्यायची. हितनं उभं ऱ्हायचं." बाप मागनं ढकलत होता. त्याच्या चपलेखाली चिखल, अंगात घाम, आणि घशात काटा.

"रवळ्या," तो म्हणाला, "ह्या गाडीची एक गोष्ट हाय."

"आप्पा!" पोरगा हसला. "गोष्ट घरात सांगा. आयला बी आयकू द्या."

"न्हाय, खरी हाय."

"तुमची गोष्ट कवा खोटी असत्या!" तेच वाक्य. मष्णूनं म्हटलेलं. मग पोरगा थोडा पुढं जाऊन थांबला आणि सरळ मनानं विचारलं, "आप्पा, पर एवढी चांगली गाडी त्येनं इकली का वो? चालवाय येत न्हवती काय?"

"येत हुती. लई चांगली येत हुती."

"मग?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पोरगा थांबला होता आणि बघत होता. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, आणि पोरानं ते या वेळी ऐकलंही असतं. देवाप्पानं तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं:

"लगीन झालं त्येचं."

"आन?"

"बायको म्हटली, एक तर मी न्हायतर गाडी."

रवळू एवढा हसला की गाडी करवंदीत कलंडली. देवाप्पाही हसला. आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण एका मेलेल्या पोराचं लगीन लावून दिलं.

घरी पोहोचेपर्यंत गावाला कळलंच होतं. दारात माणसं जमली. भावकू गुरव आला, यल्लाप्पा आला, शेजारची सुलाबाई पोराला काखेत घेऊन आली. मनुबाईनं गाडीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि टाकीला कुंकू लावलं. यल्लाप्पा म्हणाला, "कंडक्टर, स्वस्तात गावली म्हंत्यात. कशी काय?"

रवळूनंच सांगितलं, "मालकाचं लगीन झालं!"

आणि मग देवाप्पाला थांबता येईना. आत जेवढा काटा टोचत होता तेवढी त्याची जीभ बाहेर पळत होती. त्यानं लग्नाची वरात काढली. निपाणीच्या बाजारातनं काढली, बँडबाजा लावला, नवरदेव घोड्यावर बसायला तयार होईना म्हणून त्याला याच गाडीवर बसवला. नवरी मागं उलटी बसली, कारण तिला माहेरचं तोंड दिसत राहायला पाहिजे होतं. वाटेत गाडी वखारीपाशी आली, वऱ्हाड शिंकलं, अक्षता उडाल्या त्या थेट कागलात पडल्या. तिथं एका म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या डोक्यावर पडल्या आणि त्याचंही लगीन लागलं! माणसं पोटं धरून हसत होती. सुलाबाईच्या काखेतलं पोर घाबरून रडायला लागलं. भावकू गुरव डोळे पुसत म्हणाला, "ह्या देवाप्पाला मरण न्हाय बगा. यमाला बी थाप मारून माघारी लावंल."

मनुबाई उंबऱ्यावर बसली होती. तीही हसली. ती नेहमीच हसायची. या माणसाशी लग्न करून तिला दुसरं काही मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते तिला कमी वाटलं नव्हतं. रवळू गाडीपाशी बसून, किक न मारता, नुसता पाय किकवर ठेवून, गियर पाडत होता. वर खाली. वर खाली.

जेवताना देवाप्पाला घास गिळवेना. मनुबाई म्हणाली, "आमटी तिकाट झाली काय?"

"व्हय," तो म्हणाला. आमटी तिखट नव्हती.

सकाळी सगळे देवळात गेले. रवळनाथाचं देऊळ ओढ्याकाठी, कौलारू, बसकं. कुठलंही मोठं काम काढायचं तर गाव आधी इथं येतं. लग्न असो, विहीर असो, म्हैस असो, देवाला विचारायचं. भावकू गुरव मूर्तीच्या अंगाला भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायचा, डाव्या अंगाला आणि उजव्या. मग गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे वाट बघत बसायचे. उजवी पाकळी पडली तर देवाचं होय. डावी पडली तर नाही. मग वाद घालायचा नाही, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

देवाप्पाला त्याची भीती नव्हती. पाकळीचं काय, ओल्या हातानं लावली की कुठली तरी पडतेच. उलट आत कुठंतरी त्याला वाटत होतं की डावी पडावी. देवानंच नाही म्हणावं. मग आपल्याला काही सांगायलाच नको; गाडी परत जाईल, जयाबाईचा शब्द राहील आणि पोरगा रागावला तर देवावर रागावेल. रात्रभर कूस बदलून त्यानं एवढंच जमवलं होतं.

पण एक गोष्ट हा माणूस विसरला होता, आणि ती त्या गावातलं शेंबडं पोरही विसरलं नसतं. गाऱ्हाणं असं मोघम घालत नाहीत. देवाला सगळं सांगावं लागतं. वस्तू कुठली, आधी कुणाची, त्यानं का दिली, कशी आली. माणूस आधी गुरवाला सांगतो, गुरव ते देवापुढं मोठ्यानं बोलतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाला अर्धवट सांगून कौल मागायचा म्हणजे वैद्याला गुडघा दाखवून पोटाचं औषध मागायचं.

भावकूनं एक सोडून सगळ्या पाकळ्या लावल्या. देवळाबाहेर निळी गाडी उभी होती. ऊन तिच्या टाकीवर पडून आत मूर्तीपर्यंत उजेडाचा एक तुकडा आला होता. रवळू हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभा होता. ओठ हलत होते. मनुबाई त्याच्या शेजारी.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," भावकूनं सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या तुज्या लेकरानं, देवाप्पानं, आपल्या पोरासाठनं एक गाडी आणल्या…"

"व्हय म्हाराजा."

"निपाणीच्या गावातनं आणल्या…"

"व्हय म्हाराजा."

भावकू वळला आणि साध्या आवाजात म्हणाला, "धनी कोण म्हटलास, देवाप्पा? नाव सांग. आन का इकली ते सांग. कालचं नगं, हितं थोडं नीट सांग."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. देवाप्पानं घसा खाकरला. मूर्तीकडं बघितलं. काळ्या दगडाचं तोंड, चांदीचे डोळे. ते डोळे त्यानं लहानपणापासून बघितले होते. आजवर त्यानं त्यांना कधी काही खोटं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. देव काही तिकीट काढून प्रवास करत नव्हता.

'रायाप्पा गेला' एवढेच दोन शब्द. जिभेवर आलेसुद्धा. त्यानं बाजूला बघितलं. पोराचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि जोडलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

"रायाप्पा," देवाप्पा म्हणाला. "लगीन झालं. सुखात हाय."

"नाव रायाप्पा," भावकूनं देवाकडं तोंड फिरवून आवाज चढवला, "निपाणीचा, त्येचं लगीन झालं, त्यो आपल्या घरात सुखात हाय, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

एक आवाज त्यात नव्हता. तो देवाप्पाचा स्वतःचा. त्याच्या तोंडातनं नुसता वारा निघाला. पण दुसराही एक आवाज नव्हता, आणि तो त्याच्या शेजारचाच होता, म्हणून त्याला कळला.

भावकूनं शेवटची पाकळी बोटावर घेतली.

"गुरवमामा, थांबा," मनुबाई म्हणाली. "पाकळी लावू नगासा."

भावकूचा हात मधेच राहिला. रवळूनं डोळे उघडले.

मनुबाई नवऱ्याकडं बघत नव्हती. देवाकडं बघत होती, आणि बोलत होती मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काल दारात ह्येनी त्या लग्नाची वरात कागलापातूर नेली. नवरी उलटी बसिवली, म्हाताऱ्याचं लगीन लावलं. आज देवाम्होरं इचारलं तर चार शबुद. वीस वर्सं ह्येंच्यासंगं संसार केलाय मी. ह्यो माणूस खरं सांगताना थोडक्यात सांगत न्हाय, थाप मारताना तर न्हाईच न्हाई." मग ती वळली आणि तिनं देवाप्पाच्या डोळ्यांत बघितलं. "ही थाप न्हवं, अवो. हे खोटं हाय."